देवी कशाने हटल्या

मार्च १७०० मध्ये छत्रपती राजारामांचे सिंहगडावर निधन झाले. त्यांच्यामागे कर्ण या मुलाला घाईने गादीवर बसवले गेले आणि तोही काही आठवड्यांतच देवीने दगावला, असे काही इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. मग राजारामांच्या पत्नी ताराराणींनी आपला मुलगा शिवाजी याला पुढे करून औरंगजेबाशी झुंज दिली. पुढे कोल्हापूरच्या वेगळ्या गादीची पायाभरणीही त्यांनीच केली. १७१४ मध्ये पन्हाळ्यावरच्या राजकारणात हा शिवाजी पदच्युत झाला आणि अटकेतच वारला. त्याच्या मृत्यूचे कारणही इतिहासग्रंथ देवी हेच देतात. तट, बुरूज, पहारे यांतले काहीच या रोगाला अडवू शकत नव्हते. राजवाड्यात ही गत होती, तर भोगावतीकाठच्या किंवा आजऱ्याच्या डोंगरातल्या घरांत काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. देवी आलेल्या दहांपैकी साधारण तीन माणसे दगावत. जी वाचत त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत आणि कित्येकांची दृष्टी जाई.

हा रोग पृथ्वीवरून गेला. माणसाने समूळ नाहीसा केलेला माणसाचा हा आजवरचा एकच रोग आहे. तो गेल्याची कथा मात्र आपण फार सोपी करून सांगतो. अडाणी रयत देवीला नवस बोलत होती, इंग्रजांनी लस आणली, लोक आधी घाबरले, मग शहाणे झाले आणि रोग गेला, अशी ती कथा आहे. तिच्यात दोनच पात्रे आहेत, श्रद्धा आणि विज्ञान. मला वाटते, तिसरे पात्र यातून गळले आहे आणि खरे तर निर्णायक तेच होते. हे पात्र म्हणजे देवीच्या विषाणूचा कण. तो कसा बांधलेला आहे, पेशीत कसा शिरतो, कशाने मरतो आणि कशात तग धरतो, यावर कोल्हापूर परिसरातल्या देवीच्या प्रथा घडल्या आणि लसीचे शतकभराचे अपयश व शेवटचे यशही त्यावरच ठरले. लोकांच्या समजुतींना या कथेत जागा आहे, पण आपण देतो तेवढी मोठी नाही.

आधी प्रथा पाहू. दक्षिण महाराष्ट्रात घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचे टहाळे बांधत. परक्या माणसाने ते पाहून परत फिरायचे. घरात फोडणी द्यायची नाही, तळण करायचे नाही, रोग्याला थंड खायला द्यायचे, खोलीत अंधार ठेवायचा. घरातल्यांनी बाहेर जेवायला जायचे नाही. खपल्या पडून रोग्याला न्हाऊ घातल्यावरच दार मोकळे व्हायचे. आता याच मुलखातली दुसरी प्रथा शेजारी ठेवून पाहू. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की कोल्हापुरातल्या पेठापेठांतून ते कलशांत भरून वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेतात. मंगळवार-शुक्रवारच्या या जत्रा आजही जोरात असतात. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर घालवायची रीत खेड्यापाड्यांत होती. मरीआईला सारा गाव मिळून वाजवत बाहेर काढतो आणि देवीला मात्र घरातच, शांतपणे, दार बंद करून सांभाळतो. माझ्या मते हा फरक योगायोगाने पडलेला नाही. पटकी पाण्यातून येते. ती गावभर एकदम उसळते आणि पावसाळ्यात जोर धरते. तिचा बंदोबस्त गावाच्या पातळीवरच सुचणार. देवी घरातून घरात, माणसाच्या श्वासातून जवळच्या माणसाच्या श्वासात जाते. तिचा हंगाम माघ सरल्यापासून वळिवापर्यंतचा, म्हणजे कोरड्या हवेचा. तिचा बंदोबस्त उंबरठ्यावर होतो. शेकडो वर्षे जवळून पाहिलेल्या दोन रोगांच्या दोन वेगळ्या चाली लोकांनी ओळखल्या होत्या. त्यांची कारणे त्यांनी दैवी मानली, पण चाली बरोबर टिपल्या.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे. प्रथेत जे जे आहे त्यात शहाणपण शोधायचे ठरवले, तर ते कुठेही सापडेल. श्रावण शुद्ध सप्तमीला शीतलेसाठी चूल थंड ठेवतात, तेव्हा देवीचा हंगाम उलटून गेलेला असतो. कडुनिंबाच्या पाल्याने रोग हटल्याचा कसलाही पुरावा नाही. उलट, घरात देवी साक्षात आली आहे या भावनेने नातलग दर्शनाला येत आणि प्रसादाबरोबर रोगही घेऊन जात. हे सगळे मला मान्य आहे. प्रथेने रोग थोपवला असे मी म्हणत नाही. थोपवला असता तर कोल्हापूरच्या गादीचा इतिहास वेगळा झाला असता. माझे म्हणणे मर्यादित आहे. अंगावर पुरळ दिसल्याबरोबर रोग्याला वेगळे करायचे आणि खपली पडेपर्यंत वेगळे ठेवायचे, हा प्रथेचा गाभा रोगाच्या संसर्गकाळाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. देवीचा विषाणू शरीरात शिरल्यावर सुमारे बारा दिवस काहीच दिसत नाही, पण त्या दिवसांत रोगी दुसऱ्याला रोग देतही नाही. तोंडात आणि घशात फोड उठतात, अंगावर पुरळ येते, तेव्हाच तो खरा संसर्गजन्य होतो. कोविडमध्ये आपल्याला जे सर्वात जड गेले, म्हणजे धडधाकट दिसणाऱ्या माणसाकडून होणारा प्रसार, ते देवीत जवळजवळ नव्हतेच. देवी जे काही करी ते दिसेल असे करी.

असे का, हे समजायला कणाकडे वळावे लागते. विषाणू म्हणजे जिवंत पेशी नव्हे. त्याला स्वतःचे पोषण नाही, स्वतःची वाढ नाही. जनुकीय संदेश आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच एवढाच त्याचा संसार असतो, कधी वरून मेदाचे आवरण. पोलिओचा कण सुमारे ३० नॅनोमीटरचा, इन्फ्लुएन्झाचा शंभराच्या आसपास. देवीचा कण या जगात राक्षसी आहे. विटेसारख्या आकाराचा हा कण लांबीला ३०० नॅनोमीटर भरतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तीन हजारांहून अधिक विटा रांगेने बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून जेमतेम ठिपक्यासारखा दिसावा इतका तो मोठा आहे आणि म्हणूनच या कुळातला विषाणू माणसाने सर्वात आधी पाहिला. १८८६ मध्ये एडिनबरोच्या जॉन बुइस्ट यांनी लसीच्या द्रवात रंग देऊन हे ठिपके पाहिले. विषाणू नावाची काही वेगळी चीज असते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांनी ते जंतूंचे बीजाणू असावेत असे मानले. या विटेचे खरे रूप दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, म्हणजे १९३८-३९ सालाची वाट पाहावी लागली.

विटेच्या आत मधोमध दोन्ही बाजूंनी दबलेला एक गाभा असतो. त्यात सुमारे १,८६,००० अक्षरांचा डीएनएचा धागा आणि त्यासोबत एक अख्खी यंत्रसामग्री असते. बहुतेक डीएनए-विषाणूंना पेशीच्या केंद्रकात शिरून तिथली यंत्रणा वापरावी लागते. देवीच्या कुळातले विषाणू केंद्रकाकडे फिरकतही नाहीत. डीएनएवरून संदेशाच्या प्रती काढणारी एन्झाइमे ते स्वतःबरोबर बांधून आणतात. पेशीत पाऊल पडल्यावर काही मिनिटांतच, गाभा पूर्ण उघडायच्या आधीच, ते कामाला लागतात. त्यांची प्रवेशाची पद्धतही विलक्षण आहे. पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांना कण आधी चिकटतो. मग दोन वाटा असतात. एक, आपले आवरण पेशीच्या आवरणात थेट मिसळून टाकायचे. दुसरी वाट २००८ मध्ये झुरिकच्या शास्त्रज्ञांनी लसीच्या विषाणूवर दाखवून दिली. मरणाऱ्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला एक विशिष्ट मेदद्रव्य उघडे पडते आणि शेजारच्या पेशी ती खूण ओळखून तो अवशेष गिळून साफ करतात. विषाणूच्या आवरणावर तेच मेदद्रव्य असते. पेशी त्याला मेलेल्या शेजाऱ्याचा तुकडा समजून स्वतः आत घेते. आत गेलेला गाभा पेशीच्या द्रवात आपला कारखाना थाटतो आणि तिथे नव्या विटा तयार होऊ लागतात.

आता जी गोष्ट सांगतो आहे तिच्यावर या लेखाचा बराचसा भार आहे. तयार झालेले कण दोन प्रकारचे असतात. बहुतेक एका आवरणाचे, दणकट, पेशी फुटल्यावर बाहेर पडणारे. हे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला उपयोगी. काहींना पेशीतून आणखी एक आवरण मिळते आणि ते पेशी जिवंत असतानाच पृष्ठभागावर येतात. तिथे ते पेशीच्याच सांगाड्यातले ॲक्टिनचे धागे आपल्याखाली जुळवून घेतात आणि त्या शेपटीच्या रेट्याने शेजारच्या पेशीत ढकलले जातात. शरीराच्या आत रोग पसरतो तो मुख्यतः या दुहेरी आवरणाच्या कणांमुळे. मेलेल्या विषाणूंची लस करून पाहण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा तिने नीट संरक्षण मिळाले नाही. त्याचे मोठे कारण हेच होते. मेलेल्या लसीत असत ते एकेरी आवरणाचे कण. दुसरे आवरण पेशीच्या आत वाढ झाल्याशिवाय तयारच होत नाही, मग शरीराला त्याची ओळख पटणार कुठून? देवीची लस जिवंतच हवी होती. ती दंडाच्या कातडीत वाढली पाहिजे, तिथे एक फोड उठला पाहिजे, पिकला पाहिजे, वाळला पाहिजे. ज्याला आपल्या आजीच्या पिढीत देवी उठल्या म्हणत, ते घडले तरच टोचणे सार्थकी लागे. मेलेली लस टोचली तर दंडावर नुसता ओरखडा राही. त्या माणसाला वाटे आपण सुरक्षित झालो आणि पुढच्या साथीत तो मरे.

एकदा हे लक्षात आले की लसीचा पुढचा सगळा इतिहास वाहतुकीचा आणि उन्हाचा इतिहास होऊन जातो. जेन्नरने १७९६ मध्ये इंग्लंडात गाईच्या देवीचा द्रव माणसाला टोचून लसीचा पहिला प्रयोग केला. ती लस मुंबईत पोहोचायला सहा वर्षे लागली. जहाजांवरून पाठवलेली लस वाटेत मरत होती. शेवटी व्हिएन्नाच्या डॉ. द कारो यांनी लस बगदादपर्यंत पोहोचवली, तिथून बसरा आणि बसऱ्याहून समुद्रमार्गे मुंबई. वाटेत एका मुलाच्या दंडावर फोड पिकवायचा आणि त्यातला द्रव पुढच्या मुलाच्या दंडात टोचायचा, अशा मानवी साखळीने विषाणू जिवंत ठेवला होता. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस उठली आणि हिंदुस्थानातली लस पुढे पसरली ती तिच्या दंडापासून. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्यात फिरत्या टोचणाऱ्यांची पद्धत सुरू झाली. ठरावीक गावांचा एक टापू एका टोचणाऱ्याकडे, त्यांच्यावर देखरेख करायला युरोपीय अधिकारी. पुढे कोल्हापूरसारख्या संस्थानांतही हीच घडी बसली. कोल्हापुरातल्या थोरल्या दवाखान्याची देखणी इमारत सगळ्यांना दिसते, पण आठवड्याच्या बाजाराच्या गावी पिशवी घेऊन हिंडणाऱ्या या टोचणाऱ्यांनी किती पायपीट केली ते कोणी लिहून ठेवले नाही.

त्या टोचणाऱ्याला लोक टाळत, लपत, मुले शेतात पळवत, हे खरे आहे. याच पुराव्यावर अडाणीपणाची कथा उभी आहे. पण ते काय टाळत होते हे नीट पाहावे. टोचलेल्या मुलाच्या दंडावरचा फोड आठव्या दिवशी पिकला की टोचणारा परत येई आणि तो फोडून त्यातला द्रव पुढच्या मुलांसाठी काढून घेई. आपल्या तापाने फणफणलेल्या मुलाचा सुजलेला दंड कोणती आई आनंदाने पुढे करील? अशा कामासाठी गरिबांची आणि खालच्या मानलेल्या जातींची मुले धरून गावोगाव फिरवली जात. त्यांच्या पालकांचा संताप आणि सवर्णांची विटाळाची भीती, दोन्ही एकाच पद्धतीतून आली होती. त्यातल्या दुसऱ्या कारणाची बाजू मी घेणार नाही. ते जातिभेदाचेच रूप होते. पहिले कारण मात्र पूर्ण न्याय्य होते. दंडावरून दंडावर जाणाऱ्या लसीतून उपदंशासारखे रोगही जात, हे युरोपातही सिद्ध झाले होते. या सगळ्यावर कडी म्हणजे लस पुष्कळदा लागतच नसे. दंडादंडांची साखळी उन्हाळ्यात तुटे आणि द्रव उष्णतेने मेलेला असे. म्हणून टोचणीचा हंगाम हिवाळ्यापुरताच ठेवावा लागला. टोचून घेतलेल्या मुलाला पुढे देवी आल्याची दोन उदाहरणे गावात झाली, की टोचणे निरर्थक आहे हा निष्कर्ष कोणीही काढील. डोळ्यांनी दिसलेल्या पुराव्यावर तो निष्कर्ष बरोबरच होता. त्या गावापुरती लस खरोखर निरर्थक होती, कारण ती मेलेली होती.

उपाय होता माणसाचा दंड सोडून जनावराच्या कातडीवर लस वाढवणे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर डॉ. अनंत चंद्रोबा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासरांवरच्या लसीचे काम उभे केले. हे नाव महाराष्ट्राने विसरायला नको होते. त्याच तुकडीतल्या भाऊ दाजी लाडांची आठवण आपण ठेवली, अनंत चंद्रोबांची ठेवली नाही. मग १९०४ मध्ये मुंबई इलाख्याची लस बनवणारी संस्था बेळगावात सुरू झाली. कोल्हापूरहून बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिथली हवा थंड आणि १८९१ पासून कोल्हापूर मिरजेशी रेल्वेने जोडलेले, मिरजेहून बेळगावला थेट लोहमार्ग. टिळकवाडीत आज जिला व्हॅक्सिन डेपोची जागा म्हणतात, तिथे ही संस्था होती. रेडकांच्या पोटाची कातडी तासून तिच्यावर बारीक ओरखडे काढायचे, त्यात लसीचा विषाणू चोळायचा, चार-पाच दिवसांनी उठलेल्या फोडांचा गर खरवडायचा आणि ग्लिसरीनमध्ये घोटायचा, असे तिथले काम चाले. ग्लिसरीनमुळे इतर जंतू मरत आणि विषाणू तगे. मुलांचे दंड सुटले आणि त्याबरोबर रयतेचा निम्मा विरोधही मावळला, कारण त्याचे मूळ त्या दंडांतच होते.

निम्मा राहिला तो उन्हामुळे. ग्लिसरीनमधली लस थंडीत महिनोन्महिने टिकते, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवसांत निकामी होते. बेळगावातून निघालेली लस कोल्हापूरच्या दवाखान्यात बरी पोहोचे. तिथून भुदरगड-राधानगरीच्या वाडीवस्तीवर पिशवीतून जाईपर्यंत तिच्यात कितीसा जीव उरत असेल? आणि देवीचा हंगाम नेमका तोच. इथे कोणी विचारील की देवीच्या विटेची दणकट म्हणून इतकी तारीफ केली, मग ती दोन दिवसांच्या उन्हाने मरते कशी? नेदरलँड्समध्ये देवीच्या खपल्या लिफाफ्यांत घालून कपाटात ठेवल्या होत्या. तेरा वर्षांनीही त्यांत जिवंत विषाणू सापडला, असा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतला दुवा पाणी हा आहे. ओल्या द्रवात उष्णतेने कणाची प्रथिने उलगडतात, आकार सोडतात आणि पेशीला चिकटायचे सामर्थ्य गमावतात. वाळलेल्या खपलीत पाणीच नसल्याने त्यांना हलायला जागा राहत नाही, शिवाय पूव-रक्तातल्या प्रथिनांचे वेष्टन असते. बंगालमधले जुने टिकादार देवीच्याच पुवाने टोचत. हा धंदा तिथे जितका रूढ होता तितका दख्खनमध्ये नव्हता. हे टिकादार मागच्या वर्षीचे वाळवलेले द्रव्य जपून ठेवून वापरत असल्याचे अठराव्या शतकात हॉलवेल याने नोंदवले आहे. कारण ठाऊक नसताना त्यांनी वापरलेली ही युक्ती लसीच्या कारखान्यांना नीट जमायला १९५० चे दशक उजाडले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या लेस्ली कॉलियर यांनी लसीत पेप्टोन हे प्रथिनद्रव्य मिसळून ती गोठवली आणि निर्वातात वाळवली. ही भुकटी ३७ अंशांत महिनाभर ठेवली तरी लागत होती. कोल्हापूरच्या उन्हाळ्याचे भय संपले.

यानंतर घटना भराभर घडल्या. १९६२ मध्ये भारताने राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. सोव्हिएत संघाने गोठवून वाळवलेली लस भरघोस दिली. मग देशात चार ठिकाणी ती बनू लागली, त्यांतले एक बेळगाव. त्याआधीच १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली होती, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि बेळगाव जिल्ह्यातला चंदगड कोल्हापूरला जोडला गेला. लस मात्र सीमा न पाहता येत राहिली. दंडावर दाबून फिरवायच्या दातेरी चकतीऐवजी दुतोंडी सुई आली. तिच्या टोकांच्या फटीत लसीचा एक थेंब मावे, पंधरा वेळा भरभर टोचले की झाले. ती चालवायला कोणालाही थोड्या वेळात शिकवता येई आणि मुलेही पूर्वीइतकी रडत नसत.

पण लसीने एकटीने रोग हटवला का? हा या लेखावरचा सर्वात वजनदार आक्षेप आहे. पहिल्या काही वर्षांत कोट्यवधी लोकांना टोचूनही देवी गेल्या नव्हत्या. १९७४ मध्ये बिहारसह देशात सुमारे १,८८,००० रोगी आणि ३१,००० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. शेवटचा घाव घातला तो शोधमोहिमेने. कार्यकर्ते घरोघर जात, देवीच्या रोग्याचे चित्र दाखवून विचारत, रोगी सापडला की त्याच्या घरावर पहारा बसे आणि भोवतालच्या सगळ्यांना टोचले जाई. रोगी कळवणाऱ्याला बक्षीस होते. ते वाढत वाढत हजार रुपयांवर गेले आणि तशी जाहिरात महाराष्ट्रातल्या भिंतींवर रंगवली गेली. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी नोंदला गेला, एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला, १९८० मध्ये जग. म्हणजे श्रेय लसीपेक्षा बंदोबस्ताला, असे कोणी म्हणेल तर मी अर्धे मान्य करीन. पण हा बंदोबस्त शक्य का झाला? पुरळ उठण्याआधी रोगी रोग देत नाही. पुरळ लपत नाही. विषाणूला माणसाखेरीज दुसरे घर नाही. बरा झालेला माणूस तो बाळगून हिंडत नाही. संसर्गानंतर तीन-चार दिवसांत टोचले तरी लस रोगाच्या आधी पोहोचते. यांतली प्रत्येक गोष्ट त्या विटेच्या जीवनक्रमातून येते. आणि चित्र पाहून म्हाताऱ्या बायका नेमका रोग ओळखत, कांजिण्या कोणत्या आणि देवी कोणत्या हे बिनचूक सांगत. त्या मोहिमेला जी नजर हवी होती ती गावांकडे आधीपासून होती. घरावरचा पहारा म्हणजे कडुनिंबाच्या टहाळ्याचाच कडक अवतार होता. फरक इतकाच की आता उंबरठ्याच्या आत अडकलेल्यांच्या दंडात जिवंत लस होती.

देवीच्या कुळाने कोल्हापूरचे दार पुन्हा एकदा वाजवले ते २०२२ मध्ये, गोठ्यांच्या बाजूने. लम्पी हा गाईगुरांचा रोग. ओडिशात २०१९ मध्ये प्रथम दिसलेला, गोचीड, माश्या आणि डासांवाटे पसरणारा. त्याचा विषाणू त्याच विटेच्या घडणीचा. हा रोग माणसाला होत नाही. तरीही दुधातून होईल अशा अफवा उठल्या आणि ज्या जिल्ह्याची कितीतरी घरे गोकुळ दूध संघाच्या बिलावर चालतात तिथे त्या अफवांचा धसका मोठा होता. राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. शेळी-मेंढीच्या देवीचा आणि लम्पीचा विषाणू जनुकीय पातळीवर सुमारे ९७ टक्के सारखे आहेत, एकाच्या विटेची ओळख दुसऱ्याविरुद्ध कामी येते. जेन्नरने गाईकडून माणसासाठी जे घेतले, ते इथे शेळीकडून गाईसाठी घेतले गेले. ही लसही जिवंतच असते आणि बर्फाच्या पेटीतून गोठ्यापर्यंत न्यावी लागते. आपली गाय टोचून घ्यायला फार समजावावे लागले अशी तक्रार जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर ऐकू आली नाही. पशुपालकांची ओरड होती ती लस आमच्या गावात केव्हा येणार याची.